मडगार्डवरचा निळा रंग

मी एक जुना मडगार्ड आहे. सायकलचा, आणि तोही मागचा. लगेच नाकं मुरडू नका, मित्रांनो. आपली कहाणी सांगायला नेहमी वडाची झाडं, फाटकी पुस्तकं नाहीतर शाळेच्या घंटा पुढे सरसावतात. मडगार्डला कोण विचारतो? सायकल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक घंटी वाजवून बघतं, हँडल हलवून बघतं, सीटवर बसून बघतं. आमच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. चिखल उडाला की मात्र आमची आठवण! दुसऱ्याची पाठ स्वच्छ राहावी म्हणून सगळी घाण आम्ही पोटावर घ्यायची. म्हणून माझं बोलणं जरा कडू लागेल. लागलं तर लागू दे. गोड बोलणारे पुष्कळ पाहिले मी, आणि त्यांतले बरेचसे कोर्टात पाहिले.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची पट्टी यंत्रात घालून वाकवली, काळ्या रंगात बुडवली, भट्टीत भाजली, की झालो मी तयार. शेवटी एका कामगारानं माझ्या शेपटाकडच्या टोकाला वीतभर पांढरा रंग दिला आणि त्यात लाल काचेचा एक गोल डोळा बसवला. कशासाठी, ठाऊक आहे? मागून येणाऱ्या मोठ्या गाड्यांना कळावं, की पुढे एक माणूस चालला आहे. तसा नियमच होता म्हणे. नियम करणाऱ्यांना वाटलं असावं, की माणूस दिसला म्हणजे गाडीवाला हळू होणारच. भाबडी माणसं बिचारी!

तिथून मी झाशीला आलो. सदर बाजारातल्या एका दुकानात मला एका काळ्या सायकलवर चढवलं, आणि दसऱ्याच्या आधीच बापूराव आठले येऊन ती सायकल घेऊन गेले. आठल्यांचं घर लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या वाटेवर. त्यांचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा सुभेदाराबरोबर दक्षिणेतून कारकून म्हणून आले आणि झाशीचेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि डोकं फिरलं की बुंदेली, असा त्या घराचा रिवाज. बापूराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, दत्तात्रेयाला, बबीना रोडवरच्या शाळेत गणिताच्या मास्तराची नोकरी लागली होती. सायकल त्याच्यासाठी होती.

बापूरावांनी मला पहिल्यांदा हात लावला तो खंडेनवमीच्या दिवशी. खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. ज्या वस्तूच्या जिवावर घर चालतं, तिची त्या दिवशी पूजा. झाशीतली मराठी घरं बाकी काय काय विसरली, पण हे विसरली नाहीत. बापूरावांचे पाने, कानस, हातोडी, घरातली विळी, शिवणाचं मशीन, सगळं पाटावर मांडलं जाई. पण त्याआधी धुणंपुसणं! त्यात बापूराव कुणाच्या बापाचं ऐकत नसत. "मळकं हत्यार पाटावर ठेवायचं म्हणजे पारोशा माणसाला पंगतीला बसवायचं," असं ते म्हणत. घासलेट, राख, चिंधी घेऊन ते मागच्या नळापाशी उकिडवे बसायचे आणि माझ्या पोटातला वर्षाचा चिखल खरवडून काढायचे. माझं पोट धुणारा जगात तो एकच माणूस होता. मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल. सांगायला लाज वाटते, पण त्या एका दिवसासाठी मी वर्षभर वाट बघायचो.

दत्तात्रेय मास्तर कसे होते म्हणाल, तर बापाचा मुलगा! रस्त्याची डावी कड कधी सोडायची नाही. वळायचं झालं तर हात काढून दाखवायचा, मागे चिटपाखरू नसलं तरी. एकदा रस्त्यात नुसत्या म्हशी होत्या, तरी यांनी हात बाहेर काढला. कडेच्या टपरीवरचा चहावाला ओरडला, "काए मास्साब, भैंसन खों हाथ दिखा रए?" मास्तर हसले आणि म्हणाले, "आदत है भैया. भैंस समझ जाती है." सगळी टपरी हसली. मीही हसलो. शाळेतली मुलं त्यांना बबीना रोडवर लांबूनच ओळखायची आणि "मास्साब नमस्ते" म्हणून सायकलमागे धावायची.

त्यांची बायको अनुसूया सागरच्या मराठी घरातली, मोजकं बोलणारी, पण बोलली की ठाम बोलणारी. मुलगी बकुळ. ही बकुळ कॅरिअरवर बसायची आणि टाचांनी माझ्या कडेवर ताल धरायची. मराठी सगळं समजायचं तिला, बोलताना मात्र हिंदीत घसरायची. "बाबा, और ज़ोरात चलाओ ना!" आजोबा चिडवायचे, "ज़ोरात नाही, जोरात. नवाबाची पोर आहे का तू?" अशी वर्षं गेली. पुढे बापूराव निवृत्त झाले. माझा काळा रंग विटला, पण पांढरा पट्टा मात्र दर खंडेनवमीला नव्यानं रंगत असे, त्यामुळे तो कायम लख्ख असायचा.

आता जे सांगायचं ते सांगतो. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. भाद्रपदातली उघडीप होती, चांगलं ऊन पडलं होतं. मास्तर शाळेला निघाले होते. बबीना रोडवर समोरून एक बस येत होती. मागून गिट्टीनं, म्हणजे खडीनं, भरलेला ट्रक येत होता. त्याच्या लाकडी फळ्या लाल होत्या आणि पुढचा बंपर निळा. रस्ता अरुंद. ट्रकवाल्यानं जरा दम धरला असता, बस जाऊ दिली असती, तर काय बिघडणार होतं? पण दम धरला नाही. हॉर्न मात्र दाबून धरला. बाजूला हो, नाहीतर मर, असं त्या हॉर्नचं म्हणणं होतं. मास्तर कडेलाच होते, अजून कडेला गेले. त्याच्या पलीकडे पावसानं खचलेली साइडपट्टी होती. पहिला धक्का मला बसला. निळा बंपर माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर आदळला, लाल काच फुटली, मी चाकात दुमडलो. पुढचं मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मलाही ते सांगवत नाही.

ट्रक बऱ्याच लांब जाऊन थांबला. ड्रायव्हरनं उडी टाकली आणि शेतातून पळाला. पाणी पाजायला नाही थांबला, कुणाला हाक मारायला नाही थांबला. बस तर थांबलीच नाही. टपरीवरचा चहावाला धावत आला. मास्तरांचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं.

ठाण्यात सायकलची हालत एका ओळीत लिहिली. मागून ठोकर की पुढून, रंग कसला, खूण कुठे, याच्याशी लिहिणाऱ्याला देणंघेणं नव्हतं. मग आम्हाला अंगणात भंगाराच्या ढिगावर टाकलं. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी वकिलाला घेऊन आला आणि जामिनावर घरी गेला. ट्रकही थोड्याच दिवसांत सुटला. मालकानं अर्ज दिला, की ट्रक उभा राहिला तर धंदा बुडेल. खरंच होतं ते. मास्तर उभे राहिले असते तर त्यांचाही संसार बुडाला नसता, पण त्यांच्या वतीनं तसा अर्ज कुणी करणार कसा?

त्या वर्षी आठल्यांकडे ना दसरा झाला, ना दिवाळी. वर्षभर घरात सण नव्हता. बापूराव दर तारखेला कोर्टात जाऊन बसायचे. घरी आले की एकच बोलायचे. "त्याला फाशी द्या असं मी म्हणत नाही अनुसूया. फक्त कोर्टानं लिहून द्यावं, की आमचा दत्तू आपल्या बाजूनं चालला होता. एवढं एकच लिहून द्या." कारण ट्रकवाल्यानं जबाब दिला होता, की सायकलवाला अचानक आडवा आला आणि ट्रकच्या बाजूला येऊन धडकला. म्हणजे म्हशींना हात दाखवणारा माणूस ट्रकला आडवा गेला! बापूरावांना मुलगा गेल्याचं दुःख होतंच, पण हा खोटा डाग त्यांना जास्त जाळत होता. मुलाला डावी कड त्यांनीच शिकवली होती ना.

सरकारी वकील निगमजी म्हणून होते. माणूस कामसू, पण एका वेळी शंभर खटल्यांखाली दबलेला. ते एकदा अनुसूयेला घेऊन ठाण्यात आले आणि मला बघून गेले. पाहतात तो सायकलची घंटी गेलेली, दिवा गेलेला, पुढचं चाकही कुणी काढून नेलेलं. ते अनुसूयेला म्हणाले, "बहनजी, इसे सुपुर्दगी पर घर ले जाइए, वरना तारीख तक कुछ नहीं बचेगा." सुपुर्दगी म्हणजे वस्तू घरी ठेवायची, पण ती कोर्टाची अमानत. मग त्यांनी माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. पट्टा आता पांढरा कुठे होता? त्यावर बंपरचा निळा रंग तळहाताएवढा चोपडला होता. "यह देखिए. ट्रक की बाज़ू लाल है, बंपर नीला है. बाज़ू से टकराता तो लाल लगता. यह नीला है, और पीछे है. यही हमारा गवाह है. इसे जैसी है वैसी रखिए."

मित्रांनो, मला कुणी गवाह म्हणेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. जन्मभर चिखल खाल्लेला मडगार्ड, आणि सरकारचा वकील म्हणतो हाच साक्षीदार! छाती असती तर फुगली असती.

सुपुर्दगीच्या कागदावर सही बापूरावांची झाली, घरात तेच वडीलधारे म्हणून. अनुसूयेनं त्यांना बजावलं, "मामंजी, जशी आहे तशी ठेवायची म्हणालेत वकीलसाहेब." बापूरावांनी मान डोलावली. फिटर माणूस तो. त्यांनी अर्थ घेतला, की वाकलेलं सरळ करायचं नाही, तुटलेलं जोडायचं नाही. वाकणं-तुटणं हीच ठोकरीची खूण, असा त्यांच्या जन्मभराच्या कामाचा हिशेब. निळ्या रंगाचं महत्त्व अनुसूयेनं त्यांना नीट सांगितलं नाही. त्या रंगाचं नाव काढलं, की म्हाताऱ्याचा चेहरा बघवत नसे. म्हणून ती तेवढं गाळून बोलली. तिला दोष देऊ का? नाही देणार.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर खंडेनवमी आली. सण परत घरात यायला मोकळे झाले होते. बापूरावांनी सकाळीच सगळी हत्यारं बाहेर काढली. मग ओसरीत झाकून ठेवलेल्या सायकलवरचं पोतं ओढलं. "दत्तूची सायकल आज पाटावर येणार," असं स्वतःशीच म्हणाले. आम्हाला त्यांनी नळापाशी नेलं. वाकलेल्या दांड्याला हात लावला नाही. मोडलेल्या तारा तशाच ठेवल्या. शब्द पाळला बापूरावांनी! मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांना तो निळा रंग दिसला.

मी तो चेहरा विसरणार नाही. ते कुजबुजले, "तू? तू माझ्या घरात पाटावर बसणार? तुला मी हळदकुंकू वाहू?" मग त्यांनी घासलेट घेतलं, राख घेतली, तेवढ्यानं निघेना म्हणून रेगमाल घेतला, आपला पॉलिशपेपर हो. आणि घासायला लागले. मित्रांनो, मी ओरडत होतो. बापूराव, थांबा! अहो, एवढाच एक जण खरं सांगणारा उरलाय! पण मडगार्डाची हाक कुणाला ऐकू जाते? म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालत होता. पोराच्या मारेकऱ्याला घरातून हाकलावं, तसे ते त्या रंगाला हाकलत होते. रंग गेला. पार गेला. मग फळीवरचा पांढऱ्या रंगाचा डबा काढून त्यांनी पट्टा नव्यानं रंगवला.

अनुसूया पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघून जागीच थबकली.

"मामंजी, तो रंग?"

"काढला. एक कण ठेवला नाही बघ." वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "आता दत्तूची सायकल शोभते."

तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. पण त्यांचं ते समाधान तिला मोडवेना. तिनं ताट खाली ठेवलं, बोट कुंकवात बुडवलं आणि मला टिळा लावला.  इतकी वर्षं ज्या दिवसाची मी वाट बघितली, तो दिवस तसा उजाडायला नको होता.

दिवाळी सरल्यावर निगमजी घरी आले. बापूराव चहा सांगायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बहनजी, यह क्या कर दिया आप लोगों ने!" अनुसूया हळूच म्हणाली, "भाईसाहब, पूजा थी. उन्हें मत बताइए. बाकी जो करना हो कीजिए." निगमजी चहा न घेताच गेले. बापूराव कप हातात धरून विचारत राहिले, की वकीलसाहेबांचं काही बिनसलं का.

साक्षीचे दिवस थंडीत लागले. आधी चहावाला आला. ज्याच्या मांडीवर मास्तरांनी प्राण सोडला, तो चहावाला. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "हमने तो आवाज सुनी साहब, देखा कछू नईं." त्यानं एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. त्याची टपरी त्या रस्त्यावर होती आणि गिट्टीचे ट्रक रोज तिथूनच जायचे. त्यानं काखा वर केल्या. मला त्याचा राग येतो, आणि कीवही येते.

मग बचावाच्या वकिलानं सुपुर्दगीवाल्यालाच बोलवा म्हटलं. बापूराव नवं धोतर नेसून आले होते. मी समोर टेबलाशेजारी होतो, पांढराशुभ्र, कुंकवाचा टिळा अजून पुसट दिसत होता. तो वकील आवाज न चढवता बोलणारा होता. तसेच वकील जास्त वाईट.

"बापूरावजी, आप तो रेलवे में फिटर थे. चीज़ की कद्र जानते हैं. इस मडगार्ड पर कोई रंग लगा था?"

"लगा था. नीला. इनके ट्रक का."

"अब कहाँ है?"

"मैंने निकाल दिया, हुज़ूर. हमारे यहाँ खंडेनवमी होती है. औज़ार पूजते हैं. बेटे की साइकिल पर उसका रंग कैसे रहने देता?"

कोर्टात कुणीतरी खाकरलं. निगमजींनी मान खाली घातली. बापूरावांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग अनुसूयेकडे, आणि मग माझ्याकडे. तेव्हा त्यांना कळलं. काही सांगावं लागलं नाही. कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"नीला था कि लाल, अब यह कौन बताएगा?" वकिलानं विचारलं.

"मैं बता रहा हूँ. नीला था."

"आप तो बाप हैं, बाबूजी. बाप तो यही कहेगा." मग तो जज्जसाहेबांकडे वळला. "मेरा कहना है हुज़ूर, रंग लाल था. लड़का बाज़ू से टकराया था. इसीलिए रंग मिटाया गया. और मडगार्ड जो मुड़ा है, वह थाने के कबाड़ में मुड़ा."

निगमजी उठले. त्यांनी विचारलं, की मग ट्रकचा बंपरही निळ्याचा पिवळा झाला आहे, त्याचं काय? वकील हसून म्हणाला, "ट्रक तो रोज़ी है साहब. हर साल विश्वकर्मा पूजा पर रंगता है." साहेबांनी मान डोलावली आणि पुढे लिहायला घेतलं. ऐकलंत ना, मित्रांनो? त्यांनी पूजेला रंग लावला तो रिवाज. आम्ही पूजेला रंग पुसला ती लबाडी. बळी तो कान पिळी म्हणतात, ते काही उगाच नाही.

बापूराव पिंजऱ्यातून उतरेनात. हात जोडून म्हणाले, "हुज़ूर, सज़ा मत दीजिए इसे. छोड़ दीजिए. बस इतना लिख दीजिए कि मेरा लड़का अपनी साइड से जा रहा था. मेरी गलती उसके नाम मत लिखिए." शिपायानं त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं.

निकाल लागला. सायकलस्वार अचानक आडवा आला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन ड्रायव्हर सुटला. दत्तात्रेय मास्तर, जे जन्मात कधी आडवे गेले नाहीत, ते कोर्टाच्या कागदावर कायमचे आडवे गेले. बाहेर तो ड्रायव्हर बापूरावांच्या पाया पडायला वाकला. "बाबूजी, होनी को कौन टाल सकता है?" होनी म्हणे! अरे, होनीला ब्रेक नसतो. तुझ्या ट्रकला होता. तू तो दाबला नाहीस.

त्यानंतर काय झालं, ते ऐका. चार दिवसांत सगळी वस्ती एकच बोलू लागली, की बापूरावांनी आपल्या हातानं मुलाची केस धुतली. देवळात, बाजारात, रेल्वेच्या जुन्या दोस्तांत, जिथं तिथं तेच. ट्रकचं नाव कुणी घेईना, ड्रायव्हरचं नाव कुणाला आठवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी! बापूरावांनी जेवण सोडलं. हत्यारांची पेटी उचलून शेजारच्याला देऊन टाकली. आपले हात ते उपरण्याखाली झाकून बसायचे, जणू त्या हातांना घाण लागली होती.

अशात त्यांचे चुलतभाऊ हरिभाऊ समाचाराला आले. मी तेव्हा कोर्टातून परत येऊन ओसरीच्या कोपऱ्यात टेकवलेला होतो. समाचार कसला, पंचनामाच! हरिभाऊ पाट ओढून बसले आणि म्हणाले, "बापू, एवढी अक्कल असू नये? रेल्वेत जन्म घालवलास तू. वकील सांगतो जशी आहे तशी ठेव, आणि तू रेगमाल घेऊन बसतोस? सगळी झाशी हसतेय."

बापूराव म्हणाले, "खरं आहे. माझ्यामुळंच झालं. दत्तूला मी दुसऱ्यांदा मारलं."

बकुळ दारात उभी होती. ती आईकडे वळली. "आई, आजोबांमुळे आपण हारलो का?"

अनुसूया चहा गाळत होती. तिनं गाळणं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, पण मी ओसरीतून शब्द न् शब्द ऐकला.

"बकुळ, इकडे बघ. ट्रक आजोबा चालवत होते का?"

"नाही."

"ब्रेक कुणाच्या पायाखाली होता?"

"ड्रायव्हरच्या."

"आणि बाबांना टाकून पळून कोण गेलं? आजोबा गेले?"

बकुळनं जोरात मान हलवली आणि रडायला लागली.

"मग हे कायम लक्षात ठेव. तुझ्या बाबांना त्या ट्रकवाल्यानं मारलं. कोर्टानं म्हणो न म्हणो, सगळी झाशी म्हणो न म्हणो. आजोबांनी आपल्या मुलाची सायकल धुतली. बाप धुणारच." मग ती हरिभाऊंकडे वळली. "काका, चहा घ्या. पण एकदा तरी त्या ट्रकवाल्याच्या दारात जाऊन असं बोललात का तुम्ही? मामंजींना बोलणं सोपं, ते उलट बोलत नाहीत म्हणून. आधी तिकडे बोलून या, मग इथं बोला."

हरिभाऊंनी चहा घेतला नाही. खाली बघत चपला घातल्या आणि गेले. अनुसूयेनं कप बापूरावांसमोर धरला. त्यांनी उपरण्याखालून हात काढले, कप घेतला, आणि म्हातारा माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मुलगा गेला त्या दिवसापासून तो असा रडला नव्हता. बकुळ त्यांना बिलगून बसली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. चिखल लागला की आम्हाला धुवा, गंज चढला की तेल लावा, हे तर तुम्हाला कुठलाही मडगार्ड सांगेल. मी तुमच्याकडे वेगळं काही मागतो. उद्या तुमच्या रस्त्यावर एखादा सायकलवाला मेला, की शहाणी माणसं जमतील. दिवा होता का विचारतील, घंटी वाजवली का विचारतील, एवढ्या मोठ्या रस्त्यावर सायकल आणावीच कशाला म्हणतील, घरच्यांनी नंतर काय चुका केल्या ते मोजतील. तुम्ही त्यांच्या मधे जाऊन आधी एकच विचारा, की गाडी कोण चालवत होतं. उत्तर मिळेपर्यंत हलू नका. आमच्या झाशीत हे विचारायला एक अनुसूयाच निघाली, आणि तीही घरातल्या घरात. कोर्टात तिला साक्षीला कुणी बोलावलं नव्हतं.